वाचकांचे प्रश्न: डीप पर्पलमध्ये कोण कधी होतं?

गेल्या अंकात डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडच्या 'मशीन हेड' अल्बमवर लिहिलं होतं, त्यावर भरपूर पत्रं आणि मेल आले, आणि बहुतेकांचा गोंधळ एकाच ठिकाणी होतोय. या अल्बमवर गातोय कोण, बेस कोणाचा, हा कधी आला आणि तो का गेला. म्हणून या वेळी दुसरे विषय बाजूला ठेवून फक्त पर्पलचेच प्रश्न घेतलेत.

प्रश्न: दादा, सगळीकडे मार्क वन, मार्क टू असं लिहिलेलं असतं, ते काय आहे? (एक वाचक, नाशिक)

माणसं बदलली की पुढचा नंबर, एवढंच आहे ते. १९६८ ते १९७६ या काळात असे चार संच झाले. पहिल्यात रॉड इव्हान्स गायक आणि निक सिंपर बेसवर, दुसऱ्यात त्यांच्या जागी इयन गिलन आणि रॉजर ग्लोव्हर, तिसऱ्यात डेव्हिड कव्हरडेल आणि ग्लेन ह्यूज, आणि चौथ्यात गिटारवर रिची ब्लॅकमोअर जाऊन टॉमी बोलिन. ऑर्गनवर जॉन लॉर्ड आणि ड्रम्सवर इयन पेस हे दोघं मात्र चारही संचांत आहेत. लोक गिलन भारी की कव्हरडेल भारी यावरून वर्षानुवर्षं भांडतात, पण डोळे मिटून कुठलाही अल्बम लावला तरी हे पर्पल आहे हे कळतं ना, ते लॉर्ड आणि पेसमुळे कळतं असं माझं ठाम मत आहे आणि खालच्या सगळ्या उत्तरांत ते डोकावणार आहे.

प्रश्न: बँड सुरू कोणी केला? ब्लॅकमोअरनं ना? (एक वाचक, कोल्हापूर)

नाही. सुरुवात ज्याच्यापासून झाली तो माणूस बँडमध्ये कधी वाजवायलाच राहिला नाही. ख्रिस कर्टिस नावाचा ड्रमर होता, 'द सर्चर्स' या लिव्हरपूलच्या गाजलेल्या ग्रुपमधला. १९६७ मध्ये तो लंडनच्या टोनी एडवर्ड्स नावाच्या व्यावसायिकाकडे गेला आणि म्हणाला की मला 'राउंडअबाउट' नावाचा ग्रुप काढायचाय, ज्याच्यात वादक मेरी-गो-राउंडवर चढल्या-उतरल्यासारखे येतील आणि जातील. एडवर्ड्सला संगीताच्या धंद्याचा अनुभव नव्हता पण कल्पना आवडली, त्यानं जॉन कोलेटा आणि रॉन हायर या दोघांना सोबत घेऊन पैसे उभे केले. कर्टिसनं आधी जॉन लॉर्डला आणलं, मग हँबर्गमध्ये असलेल्या ब्लॅकमोअरला बोलावून घेतलं, आणि मग स्वतःच त्यातून बाहेर पडला! म्हणजे राहिले कोण, तर एकमेकांना धड न ओळखणारे एक ऑर्गनवाला आणि एक गिटारवाला, आणि पैसे लावून बसलेले तिघं.

१९६८ च्या सुरुवातीला हर्टफर्डशायरमधल्या डीव्ह्ज हॉल या जुन्या घरात सगळ्यांना राहायला ठेवलं आणि तिथे बँड जमला. निक सिंपर तेव्हा आला, तो आधी गायक जॉनी किडच्या 'पायरेट्स' या ग्रुपमध्ये होता, १९६६ च्या ज्या मोटार अपघातात जॉनी किड गेला त्याच गाडीत सिंपर पण होता. ड्रम्सवर सुरुवातीला बॉबी वुडमन होता पण त्याला हे संगीत काही पटत नव्हतं. तेवढ्यात 'द मेझ' या ग्रुपचा गायक रॉड इव्हान्स ऑडिशनला आला आणि त्याच्यासोबत त्याच ग्रुपचा ड्रमर इयन पेस. असं सांगतात की वुडमनला सिगारेटी आणायला बाहेर पाठवलं आणि तो येईपर्यंत पेसला वाजवून बघितलं. वुडमनच्या बाजूनं विचार केला तर वाईट वाटतं, पण पेस तेव्हा १९ वर्षांचा होता आणि आजही त्या बँडमध्ये आहे, म्हणजे निवड तर अचूकच होती.

एप्रिल १९६८ मध्ये डेन्मार्कचा छोटा दौरा झाला तेव्हाच 'राउंडअबाउट' हे नाव गेलं आणि डीप पर्पल आलं, ब्लॅकमोअरच्या आजीचं एक आवडतं जुनं गाणं होतं त्याच्यावरून.

प्रश्न: इव्हान्स आणि सिंपरला का काढलं? पहिले तीन अल्बम ऐकण्यासारखे आहेत का? (एक वाचक, पुणे)

ऐकण्यासारखे आहेत का असं विचारताय, मी म्हणतो ऐकल्याशिवाय पुढचं काही नीट समजणार नाही. 'शेड्स ऑफ डीप पर्पल' मे १९६८ मध्ये अवघ्या तीन दिवसांत रेकॉर्ड झाला. त्यातलं 'हश' हे मुळात जो साउथ नावाच्या अमेरिकन गायकाचं गाणं, ते अमेरिकेत थेट चौथ्या नंबरला गेलं, आणि गंमत म्हणजे स्वतःच्या इंग्लंडमध्ये कोणी ढुंकून बघितलं नाही. मग त्याच वर्षी 'द बुक ऑफ टॅलिएसिन', आणि १९६९ मध्ये नुसतं 'डीप पर्पल' नावाचा तिसरा. लॉर्ड लहानपणापासून पाश्चात्त्य शास्त्रीय पियानो शिकलेला, आणि या काळात बँडचा कल त्याच्याच हातात होता, दुसऱ्यांची गाणी घ्यायची आणि त्यांना लांबलचक ऑर्गनची प्रस्तावना लावायची, अमेरिकेतल्या 'व्हॅनिला फज' या बँडसारखं. ऑक्टोबर १९६८ मध्ये लॉस एंजेलिसच्या फोरममध्ये 'क्रीम' या गाजलेल्या बँडच्या निरोपाच्या दौऱ्यात हे लोक आधी वाजवायला होते, म्हणजे वर्षाच्या आत कुठून कुठे पोचले बघा.

पण १९६९ मध्ये हवा बदलली. लेड झेपेलिनचा पहिला अल्बम आला आणि ब्लॅकमोअरला वाटलं आपण पण असंच जोरात आणि जड वाजवायला पाहिजे. इव्हान्सचा आवाज गोड, मऊ, हळव्या गाण्यांना शोभणारा होता, किंचाळणारा आवाज त्याच्याकडे नव्हता. ब्लॅकमोअरनं आपला जुना सोबती मिक अंडरवुड याला विचारलं, तो तेव्हा 'एपिसोड सिक्स'मध्ये ड्रम्स वाजवत होता, त्यानं आपल्याच ग्रुपमधल्या गिलनचं नाव सुचवलं. गिलन आला, आणि गाणी लिहिणारा त्याचा साथीदार ग्लोव्हर बेसवर आला. म्हणजे सिंपर गेला तो बऱ्याच अंशी या जोडीमुळे.

आता मला जे खटकतं ते सांगतो. जून १९६९ मध्ये लॉर्ड, ब्लॅकमोअर आणि पेस यांनी गिलन-ग्लोव्हरला घेऊन 'हॅलेलुया' नावाचं गाणं रेकॉर्डसुद्धा केलं, लंडनमधल्या हॅनवेलच्या कम्युनिटी सेंटरमध्ये दिवसा नव्या लोकांबरोबर तालमी चालायच्या, आणि त्याच दिवसांत स्टेजवर मात्र जुन्या संचाचे कार्यक्रम सुरूच होते, इव्हान्स आणि सिंपरला पत्ताच नाही! ४ जुलैला कार्डिफला जुन्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला आणि १० जुलैला लंडनच्या स्पीकईझी क्लबमध्ये नव्यांचा पहिला. संगीत म्हणून निर्णय बरोबरच होता, नव्या संचाचा 'इन रॉक' अल्बम ऐकल्यावर कोण नाही म्हणेल, पण ज्यांनी अमेरिकेत पहिलं यश मिळवून दिलं त्यांना समोर बसवून सांगायला हवं होतं.

सिंपरनं पुढे 'वॉरहॉर्स' काढला आणि इव्हान्स अमेरिकेत 'कॅप्टन बियॉन्ड'मध्ये गेला, त्यांचा १९७२ चा पहिला अल्बम मिळाला तर जरूर ऐका. १९८० मध्ये इव्हान्सला पुढे करून काही लोकांनी अमेरिकेत आणि मेक्सिकोत खोट्या डीप पर्पलचे कार्यक्रम केले, कोर्टात ६ लाख ७२ हजार डॉलरचा निकाल विरोधात गेला आणि जुन्या अल्बमची रॉयल्टी पण गेली. त्याच्यानंतर हा माणूस संगीतातून जवळजवळ गायबच झाला.

प्रश्न: 'चाइल्ड इन टाइम'चा मुंबईशी संबंध आहे असं मित्र म्हणतो. खरंय? (एक वाचक, ठाणे)

खरंय, आणि हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये 'इट्स अ ब्युटिफुल डे' नावाचा बँड होता, डेव्हिड लाफ्लॅम व्हायोलिन वाजवायचा, त्यांच्या १९६९ च्या पहिल्या अल्बमवर 'बॉम्बे कॉलिंग' नावाची शब्दांशिवायची रचना आहे. ती धून लॉर्ड ऑर्गनवर वाजवायला लागला, बाकीच्यांनी लय हळू केली, गिलननं वर आपले शब्द आणि त्या चढत्या किंकाळ्या घातल्या आणि दहा मिनिटांचं 'चाइल्ड इन टाइम' तयार झालं, १९७० च्या 'इन रॉक'वरचं. दोन्ही लागोपाठ ऐका, पहिल्या काही सेकंदांतच लक्षात येईल. आणि परतफेड पण झाली बरं का, पर्पलच्या 'रिंग दॅट नेक'वरून त्या लोकांनी आपल्या दुसऱ्या अल्बमवर 'डॉन अँड ड्युई' केलं, म्हणजे हिशोब चुकता.

पुढे एप्रिल १९९५ मध्ये पर्पल खरोखरच मुंबईत वाजवून गेले, गिटारवर तेव्हा नुकताच आलेला स्टीव्ह मोर्स होता, आणि त्या कार्यक्रमाचं जे रेकॉर्डिंग नंतर बाजारात आलं त्याचं नाव ठेवलं 'बॉम्बे कॉलिंग'. आपल्याकडच्या रॉकवेड्या मंडळींना याचा केवढा आनंद झाला असेल!

प्रश्न: 'स्मोक ऑन द वॉटर' एवढं गाजत असताना गिलन सोडून का गेला? (एक वाचक, औरंगाबाद)

दमले होते हो सगळे. तारखा बघा ना. सप्टेंबर १९६९ मध्ये अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर लॉर्डचा 'कॉन्चेर्टो' (बँड आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना), १९७० मध्ये 'इन रॉक', १९७१ मध्ये 'फायरबॉल', डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँट्रोला रेकॉर्डिंगसाठी ठरलेला कसिनो जळाला तरी तिथेच हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये 'मशीन हेड' रेकॉर्ड, ऑगस्ट १९७२ मध्ये जपानचे कार्यक्रम ज्यांच्यातून 'मेड इन जपान' निघाला, आणि मधल्या सगळ्या वेळात अमेरिका-युरोपचे दौरे. आजारपणं, चिडचिड, गिलन आणि ब्लॅकमोअरचं तर बोलणंच बंद. मॅनेजरांनी तेव्हा सगळ्यांना तीन महिने घरी पाठवलं असतं तर कदाचित हा संच टिकला असता असं मला मनापासून वाटतं. डिसेंबर १९७२ मध्ये गिलननं पत्र लिहून कळवलं की जूनपर्यंतचे कार्यक्रम करतो आणि जातो. ग्लोव्हरला कळलं की ब्लॅकमोअरला आपणही नको आहोत, तर तोही गेला. २९ जून १९७३ ला ओसाकात दोघांचा शेवटचा कार्यक्रम. 'मशीन हेड'वरचं 'स्मोक ऑन द वॉटर' सिंगल म्हणून अमेरिकेत चढलं ते नेमकं त्याच उन्हाळ्यात.

नंतर बेसवर 'ट्रपीझ'चा ग्लेन ह्यूज आला जो स्वतः अप्रतिम गायचा, आणि गायक म्हणून कोणाला घेतलं तर उत्तर इंग्लंडमधल्या कपड्यांच्या दुकानात काम करणाऱ्या, बाहेर कोणाला माहीत नसलेल्या डेव्हिड कव्हरडेलला, टेप पाठवली होती त्यानं. 'बर्न' हा फेब्रुवारी १९७४ चा अल्बम या दोन आवाजांचा आहे आणि पेसनं तिथे जे ड्रम्स वाजवलेत ते ऐकून अंगावर काटा येतो.

प्रश्न: ब्लॅकमोअर गेल्यावरचं पर्पल ऐकावं का? (एक वाचक, मडगाव)

ऐकावं. ब्लॅकमोअर गेला कारण 'स्टॉर्मब्रिंगर' अल्बममध्ये ह्यूज आणि कव्हरडेलनी जो फंक आणि सोल आणला तो त्याला अजिबात रुचला नाही, शिवाय 'ब्लॅक शीप ऑफ द फॅमिली' नावाचं 'क्वाटरमास' या बँडचं गाणं करायला बाकीचे तयार होईनात. क्वाटरमासचा ड्रमर कोण, तर तोच मिक अंडरवुड! ते गाणं ब्लॅकमोअरनं गायक रॉनी जेम्स डिओबरोबर केलं आणि त्याचा 'रेनबो' हा बँड तिथून सुरू झाला. एप्रिल १९७५ मध्ये पॅरिसला तो पर्पलबरोबर शेवटचा वाजला.

टॉमी बोलिन अमेरिकेच्या आयोवातला, ड्रमर बिली कोबमच्या 'स्पेक्ट्रम' अल्बमवर त्यानं जे वाजवलंय ते ऐकूनच कव्हरडेलनी त्याचं नाव काढलं. 'कम टेस्ट द बँड' हा चांगला अल्बम आहे, फक्त त्याच्याकडे ब्लॅकमोअर शोधत जाऊ नका. स्टेजवर मात्र हाल झाले. लोक ब्लॅकमोअरच्या नावानं ओरडायचे, बोलिन आणि ह्यूज दोघंही ड्रग्जमध्ये अडकलेले, डिसेंबर १९७५ मध्ये जकार्तात बँडबरोबरच्या एका सुरक्षारक्षकाचा मृत्यू झाला, आणि लगेच जपानमध्ये बोलिनचा डावा हात नीट चालेना. १५ मार्च १९७६ ला लिव्हरपूलच्या कार्यक्रमानंतर बँड संपला, परत जमला तो काही वर्षांनी. त्याच वर्षी ४ डिसेंबरला बोलिन मायामीत वारला, वय फक्त २५. एवढ्या गुणी मुलाला लोक अजून 'ब्लॅकमोअरच्या जागी आलेला' म्हणून ओळखतात याचं फार वाईट वाटतं.

प्रश्न: मी गिटार शिकतेय, 'स्मोक ऑन द वॉटर'ची रिफ (परत परत येणारी ती सुरावट) रेकॉर्डसारखी वाजत नाही. (एक वाचक, डोंबिवली)

ताई, तुम्ही बहुतेक पॉवर कॉर्ड्स (म्हणजे सा आणि प एकत्र) वाजवताय, सगळे तेच करतात. ब्लॅकमोअर एका वेळी दोनच सूर वाजवतो, त्यांच्यात चौथ्याचं अंतर असतं, म्हणजे आपल्या सा आणि म मध्ये असतं तेवढं. डी आणि जी या तारांवर, आणि पिकनं नाही तर दोन तारा दोन बोटांनी एकदम खेचून, म्हणून दोन्ही सूर एकाच क्षणी सुटतात. एवढं केलंत की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं गिटारवर येणारच नाही कारण लॉर्ड तीच रिफ हॅमंड ऑर्गनवर सोबत वाजवतोय, तोही मार्शलच्या गिटार ॲम्प्लिफायरमधून काढून, त्यामुळे ऑर्गन आहे हे पटकन कळतच नाही. कोणी कीबोर्डवाला मित्र असेल तर त्याला बसवा शेजारी.