शाहूवाडीकडचं चार एकर रान साफ करायचंय; ट्रॅक लोडर (पट्ट्यांवर चालणारं मशीन) आणि मल्चिंग हेड (त्याला पुढं लावायचा, झुडपांचा भुगा करणारा दातांचा ड्रम) कोणतं घेऊ?

फक्त चार एकर घाणेरी आणि करवंदीच्या जाळ्यांसाठी मशीन विकत घेऊ नका, भाड्यानं मिळतंय का बघा. पुढं धंदाच करायचा असेल तर गोष्ट वेगळी.

मग आधी हायड्रॉलिक फ्लो विचारा, म्हणजे हेड फिरवायला लोडर मिनिटाला किती तेल ढकलतो ते. विकणारा एचपीच सांगत बसतो. साधा लोडर मिनिटाला साधारण 75-90 लिटर तेल देतो. त्यावर मोठं हेड लावलं की जाड खोडात ड्रमचा वेग पडतो, आणि तो परत वेग धरेपर्यंत आपण चहा पिऊन यायचं. 110 लिटरच्या पुढचा हाय-फ्लोच घ्या.

दात जमीन बघून. सुरीसारखे दात भुगा बारीक करतात, पण तुमच्याकडं जांभा. दगडाला लागले की धार गेली. कार्बाइडचेच बरे. केबिनला पॉलिकार्बोनेटचा जाड दरवाजा हवाच, ढलप्या लांबवर उडतात. रेडिएटरची जाळी दिवसातून दोन-तीनदा झाडा, नाहीतर भुशानं इंजिन तापतं.

आणि घाणेरी बुंध्यातून परत फुटते बरं का. पावसात माती मऊ झाली की माणसं लावून खोडकी उपटून घ्या. मोठी झाडं असतील तर मशीन आणण्याआधी वनखात्यात विचारून या.