जुन्या तैलचित्रातला अनोळखी नौदल अधिकारी कोण, हे कसं शोधायचं?

तुम्ही दिलेली माहिती अशी: चित्र मुंबईत चोर बाजारातून घेतलेलं, ३० बाय २५ इंच, निळा कोट, उजव्या खांद्यावर एकच सोनेरी एपोलेट (म्हणजे खांद्यावरचा झालरीचा बिल्ला), मागे नाव नाही. चेहऱ्यावरून शोधायच्या फंदात पडू नका. तसे हुबेहूब दिसणारे कितीतरी कॅप्टन सापडतील. आधी गणवेश, मग चित्राची पाठ, आणि नाव सगळ्यात शेवटी.

अधिकारी ब्रिटिश रॉयल नेव्हीचा असेल, तर तो एकटा एपोलेट फार मोलाचा आहे. १७९५ ते १८१२ या काळात कॅप्टन होऊन तीन वर्षं झाली नसतील तर एपोलेट फक्त उजव्या खांद्यावर, कमांडरला फक्त डाव्या, आणि तीन वर्षं पूर्ण झालेल्या कॅप्टनला दोन्ही. लेफ्टनंटला एकही नसे. १८१२ साली नियम बदलले आणि उजव्या खांद्यावरचा एकटा साधा एपोलेट लेफ्टनंटचा झाला. म्हणजे तुमचा माणूस आधीचा नवा कॅप्टन किंवा नंतरचा लेफ्टनंट.

निकाल बटणं देतात. १८१२पासून नांगरावर मुकुट आला, त्याआधी नुसता नांगर. भिंगाने बघा. चित्रकाराने नुसते पिवळे ठिपके दिले असतील, तर लॅपल, म्हणजे कोटाच्या छातीवरच्या दुमडलेल्या पट्ट्या बघा: समारंभाच्या कोटावर कॅप्टनचे लॅपल १७९५नंतर निळे होते, १८१२ला पुन्हा पांढरे झाले. मात्र जुनं व्हार्निश पिवळं पडलं की पांढरं मळकट आणि निळं जवळजवळ काळं दिसतं, म्हणून रंग त्याच चित्रातल्या गळपट्ट्याच्या पांढऱ्याशी ताडून ठरवा.

लाल कॉलर-कफ दिसले तर काळ १८३० ते १८४३. बाहीवर वेटोळं असलेली सोनेरी पट्टी म्हणजे १८५६ किंवा नंतर. निळ्या काठांच्या पांढऱ्या फितीचं चांदीचं पदक १८४७ साली सुरू झालं. ते जुन्या चित्रात मागाहून रंगवून घेतलेलंही असू शकतं. अंधारात ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही (अतिनील) टॉर्च मारा: जुनं व्हार्निश हिरवट चमकतं, त्यावरचं नंतरचं रंगकाम काळ्या डागासारखं उठून दिसतं. एपोलेटवरही मारा, बढतीनंतर तोही वाढवून घेतलेला असू शकतो.

चित्र मुंबईत सापडलंय, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचं नौदल, बॉम्बे मरीन, तेही विसरू नका. १८३० ते १८६३ त्याचं नाव इंडियन नेव्ही होतं, आणि कागदपत्रं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

पाठीमागचा कागद फाडू नका, आधी फोटो काढा. कॅनव्हासवर करवसुलीचा शिक्का असेल तर कापड १८३१पूर्वीचं. विन्सर अँड न्यूटन या चित्रसाहित्याच्या कंपनीचा शिक्का असेल तर १८३२नंतरचं. मागे दुसरं कापड चिकटवलेलं असेल तर शिक्का त्याखाली दडलेला असतो. ३० बाय २५ हे तेव्हाचं अगदी सर्रास माप, त्यावरून काहीच ठरत नाही.

काळ आणि हुद्दा पक्का झाला की नेव्ही लिस्ट, म्हणजे नौदल अधिकाऱ्यांची छापील यादी काढा. स्टील या प्रकाशकाची यादी १७८२पासून, सरकारी १८१४पासून. बढतीच्या तारखा त्यात मिळतात. नवा कॅप्टन असेल तर बढती चित्राआधीच्या तीन वर्षांतली हवी, त्यामुळे यादी बरीच आटोपशीर होते. मागे जहाज असेल आणि त्यावर फ्रेंच तिरंग्याच्या वर ब्रिटिश निशाण दिसत असेल, तर ते जिंकलेलं जहाज आहे. मग ती लढाई शोधा, कॅप्टन आपोआप सापडेल.

बटाटा, साबण, स्पिरिट यांनी चित्र पुसू नका, वरचे पातळ रंग आधी जातात आणि बटणांवरचा तपशील त्यातच असतो. विकायचं ठरलं तरी परदेशी पाठवू नका: शंभर वर्षांहून जुनं चित्र १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही.