पैठणी हातमागाचीच आहे हे कसं ओळखावं? आणि सेमी पैठणी, म्हणजे मशीनवर विणलेली, घेतली तर काय बिघडलं?

पदर उलटा करून बघा. मोर, मुनिया, वेल मागूनही पुढच्याइतकेच स्वच्छ दिसले, कापलेले धागे नसले, तर तो पदर हाताने विणलेला.

माझं माहेर येवल्याचं. वडील आयुष्यभर मागावर बसले. लग्नात मी नेसले होते ती पैठणी त्यांनीच विणलेली, पदरावर आसावली, म्हणजे फुलांची वेल. आत्येसासूबाईंनी पदर उलटून पाहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "दोन्हीकडून सारखाच दिसतोय, म्हणजे मशीनचा. हातकामाला मागे धागे असतातच." त्यांच्या डोक्यात भरतकाम होतं. वडील शेजारीच उभे होते. मुलीचा बाप म्हणून एक शब्द बोलले नाहीत. मला ते अजून सलतं.

पदराची जमीन जरीची, नक्षी रेशमाची. नक्षीतल्या प्रत्येक रंगाच्या तुकड्याला वेगळी तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली बारीक काडी. हिरवा धागा पानाच्या कडेपर्यंतच जातो, शेजारच्या जरीत अडकतो आणि तिथूनच परत फिरतो. तो मागून पुढच्या पानाकडे जातच नाही, मग लोंबेल कुठून? मशीनच्या जॅकार्डवर, म्हणजे नक्षीसाठी ताण्याचे धागे आपोआप उचलणाऱ्या यंत्रणेवर, धागा मागून आडवा धावतो, नंतर कापावा लागतो. भारी पदर दिवसभर बसून काही इंच सरकतो. किमतीचं म्हणाल तर सगळं त्या पदरावर आहे.

सिल्क मार्क पाहून निर्धास्त होऊ नका. रेशीम शुद्ध आहे एवढंच तो सांगतो, आणि शुद्ध रेशीम पॉवरलूमवर, म्हणजे विजेच्या मागावरही विणतात. हातमागाचं चिन्ह वेगळं असतं, ते मागा. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ते नाव ठरलेल्या भागातल्या अस्सल मालालाच, तरी दुकानदार सेमीला सर्रास नुसतं 'पैठणी' म्हणतात. माझा राग त्यावर आहे. सेमी म्हणून विकली, सेमीच्या भावात घेतली, तर खुशाल नेसा.

एक राहिलंच. येवल्यात ब्रोकेड पैठणीही होते, हातमागाला जॅकार्ड लावून. तिच्या मागे धागे दिसतात, पण तीही हातमागाचीच. तेव्हा धागे दिसले की लगेच मशीनची ठरवू नका.

येवल्याला जाणार असाल तर घरातल्या जाणत्या बायकांनाही न्या. दुकानात शिरण्याआधी त्यांना मागापाशी बसवा आणि विणणाऱ्यालाच विचारू द्या, मागे धागे का नाहीत म्हणून.