काचेचं दार, सासूबाईंचं पितळ आणि गच्चीवरची बाज

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही जुळे सोलापुरात रो हाउस घेतलंय, मागं अकरा फुटाची मोकळी जागा आहे, तोंड पश्चिमेला. आमच्या ह्यांनी मोबाईलवर परदेशातली कुठली कुठली घरं बघून ठेवलीयत, त्यात हॉलची अख्खी भिंतच काचेची, सरकवली की हॉल आणि बाग एकच. तसंच करायचं म्हणून मागची भिंत पाडून दहा फुटाचं स्लायडिंग बसवायचं चाललंय, ॲल्युमिनियमवाला मापं पण घेऊन गेला. मला उन्हाची भीती वाटती, पण बोललं की "तुला मॉडर्न काय कळत नाही" असं होतंय. काय करू?

उत्तर : ॲल्युमिनियमवाल्याला आधी फोन करून थांबवा, बाकीचं उत्तर नंतर वाचा.

आता ह्यांना एक काम सांगा. मे महिन्यात दुपारी साडेचारला मागच्या भिंतीला बाहेरून हात लावून उभं राहायचं, फक्त एक मिनिट. आज जे ऊन ती भिंत खातीय ते उद्या सरळ सोफ्यावर येणार. काचेतून ऊन आत येतं, त्यानं फरशी, सोफा, टीव्ही सगळं तापतं, आणि तापलेल्या सामानाची धग मात्र काचेतून तशी बाहेर पडत नाही, उन्हात लावलेल्या गाडीत बसताना जे होतं ना तेच. वर तुम्ही म्हणाल जाड पडदा लावू, पण आतला पडदा म्हणजे चोर घरात घुसल्यावर कडी लावण्यासारखं आहे, ऊन अडवायचं असतं ते काचेच्या बाहेर. आणि छज्जा काढू म्हणाल तर तो पश्चिमेला फार उपयोगी पडत नाही, कारण संध्याकाळचं ऊन तिरकं येतं. मे मधे साडेचार वाजता चार फुटाचा छज्जा दाराचा वरचा जेमतेम अडीच फूट भाग सावलीत ठेवतो, खालचं सगळं उघडं. दक्षिणेच्या छज्जाचीही आपल्याकडं गंमतच आहे, मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, स्वतःची सावली पायाखाली जाते, आणि मग ऑगस्ट लागेपर्यंत तो दुपारी थोडा उत्तरेलाच असतो, तेव्हा दक्षिणेचा छज्जा अडवणार काय?

ह्यांनी बघितलेली घरं खोटी नाहीयेत, फक्त ती तिथली आहेत. काचेच्या भिंतींची ही हौस बरीचशी अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातून आली, तिथल्या एका मासिकानं 1945 पासून नमुन्याची घरं बांधून घेतली होती. त्यातलंच एक चार्ल्स आणि रे एम्स या नवराबायकोचं, 1949 सालचं, लोखंड आणि काच, अजून बघायला लोक जातात. पण ते समुद्राजवळ, तिथली हवा वेगळी, आणि फोटो नीट बघा म्हणावं, काचेसमोर निलगिरीच्या उंच झाडांची रांग उभी आहे. सावली आधी होती, काच नंतर आली.

म्हणून माझं सांगणं असं की आत-बाहेर जोडायला काच लागत नाही, सावली लागते. आपल्या वाड्यांत चौक होता, ओसरी होती, बाहेरून पाहिलं तर जाड भिंत आणि आत आल्यावर वर आभाळ, यापेक्षा मॉडर्न काय पाहिजे? जपानी घरात पण खोली आणि बाग यांच्यामधे खोल पागोळीखाली लाकडी पट्टा असतो, एनगावा म्हणतात, पाय बाहेर सोडून बसायचं. ती ओसरीच की हो.

तुमच्याकडं अकरा फूट आहेत ना, त्यातले सहा ओसरीला द्या. वर पत्रा नको, भट्टी होते, कौलं घाला किंवा स्लॅब. ओसरीच्या पश्चिम कडेला उभा आडोसा करा, विटांची जाळी, बांबूचे चिक म्हणजे गुंडाळायचे पडदे, नाहीतर लोखंडी जाळीवर मधुमालती सोडा, ती वेडीवाकडी वाढते पण दोन पावसाळ्यात भिंत झाकते. दार पाच फुटाचं पुरे, लाकडी दोन फळ्यांचं, सोबत डासांच्या जाळीचं वेगळं झडप, कारण संध्याकाळी दार उघडं टाकून बसायचं असेल तर जाळीशिवाय दहा मिनिटं टिकणार नाही. स्लायडिंगचा अजून एक ताप म्हणजे खालची पन्हाळ. आपल्याकडची धूळ त्यात बसते, मग वर्षभरात ते दार दोघांनी ढकलावं लागतं. हे मी स्वतःच्या घरातल्या बाल्कनीवरून सांगतीय, त्यामुळं वाद नको.

प्रश्न : मुलगी पुण्यात शिकती, सुट्टीला आली की घरातलं सामान मोजत बसती. आपण मिनिमलिस्ट व्हायचं म्हणती. शोकेस रिकामं केलं आणि त्यात ऑनलाइन मागवलेल्या पांढऱ्या बरण्या, लाकडी ट्रे, बांबूचं साबणाचं स्टँड आलं. आता सासूबाईंचं पितळ मोडीत घालायचं आणि ट्रंकभर सोलापुरी चादरी कुणाला तरी देऊन टाकायच्या असं तिचं म्हणणं. मला ते पितळ सोडवत नाही हो. (होटगी रोड)

उत्तर : काकू, मुलीचं अर्धं बरोबर आहे. शोकेस रिकामं केलं ते छान केलं, त्यातली ती काचेची बदकं कोण पुसत होतं? पण कमी करायचं म्हणून नवीन विकत आणायचं याला मिनिमलिस्ट नाही, शॉपिंग म्हणतात.

आणि तांब्या मोडीत घालायच्या आधी तिला हे सांगा. वर ज्या एम्स नवराबायकोचं घर आलं ना, तेच दोघं भारत सरकारच्या बोलावण्यावरून इथं आले होते आणि 1958 मधे त्यांनी एक अहवाल दिला, त्यातूनच पुढं 1961 ला अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. इथं बघितलेल्या सगळ्या वस्तूंमधे त्यांना सगळ्यात सुंदर वाटला तो आपला रोजचा तांब्या. तो कंबरेवर कसा बसतो, भरलेला असताना आणि रिकामा असताना तोल कुठं जातो, धार कशी पडते, घासताना आत हात जातो का, आणि शेवटी मोडीत किती येईल, इथपर्यंत त्यांनी विचार मांडला होता. एका माणसानं बसून काढलेली ही वस्तू नाही, कित्येक पिढ्यांच्या हातानं घडत गेलेली आहे. मुलगी डिझाइनचे व्हिडिओ बघत असेल तर तिला एम्स माहीत असणार, बघा चेहरा कसा होतो.

तरी सगळं पितळ ठेवा असं मी म्हणत नाही. जे आठवड्यातून एकदा तरी हातात येतं ते बाहेर ठेवा, दोन तांबे, एक परात, एक पातेलं कल्हई करून. बाकी नातेवाइकांना विचारा, नको म्हणाले तर मोड. फक्त घंगाळात पाणी भरून फुलं सोडायची जी फॅशन आलीय ती करू नका, दोन दिवस हौस आणि नंतर डासांचं बाळंतपण. पाट मात्र अजिबात देऊ नका. बसायला होतात, कुंडीखाली होतात, ओसरीवर चहाचा ट्रे ठेवायला होतात, नाहीतर भिंतीला उभे.

चादरींचं म्हणाल तर लग्नातल्या, सत्कारातल्या, आमच्याकडं पण ट्रंक आहे, सोलापूरकराच्या घरी नसेल तर नवल. जीआय मानांकन, म्हणजे ही वस्तू ह्याच गावची असा सरकारी शिक्का, मिळालेली वस्तू ट्रंकेत आणि सोफ्यावर गुळगुळीत पॉलिस्टरचं काहीतरी अंथरायचं, हे काय बरोबर नाही. पांढरी भिंत, साधी शहाबादी फरशी, जमिनीवर गादी आणि त्यावर एकच भडक लाल-निळी जेकार्डची चादर, एवढं केलं तर खोलीत दुसरं काय लावायची गरज नाही. मिनिमल म्हणजे सगळं बिस्किटाच्या रंगाचं असं कुणी सांगितलं?

प्रश्न : हॉलमधली चकचकीत पांढरी टाइल तशीच बाहेर अंगणात नेली तर जागा मोठी दिसते म्हणे, खरंय का?

उत्तर : दिसते. पण पावसात घसरून पडाल आणि उन्हात डोळे दिपतील. बाहेर खडबडीत शहाबादी घाला, शहाबाद काही लांब नाही, रेल्वेनं गुलबर्ग्याच्या थोडं पुढं. रंग जवळपासचा धरला की आत-बाहेर एक वाटतंच. आणि ती ॲसिडनं धुवू नका, चुनखडीचा दगड आहे, ॲसिड त्याला खातं.

प्रश्न : ताई मी विडी घरकुलमधनं लिहितोय, घर लहान हाय पण गच्ची आमचीच. तिथं बसायची झोपायची जागा करायची हाय, झाडं पण पायजेत. पाणी चार-पाच दिवसाआड येतंय. दोस्त म्हणतोय प्लास्टिकचं गवत टाक बे, इषय संपला. टाकू का?

उत्तर : नको भाऊ. ते गवत दुपारी असं तापतं की चप्पल काढता येत नाही, आणि दोन-तीन उन्हाळ्यात त्याचा भुगा होतो. त्या पैशात गच्चीला पांढरा चुना मारा, स्लॅब दिवसभर तापून रात्री खाली जी धग सोडतो ती बरीच कमी होईल, घरच्यांना पण झोप लागेल.

झाडं कमी पाण्याची घ्या, बोगनवेल, अडेनियम, कोरफड, सदाफुली. बोगनवेलीला जास्त पाणी घातलं तर ती पानंच काढत बसते, फुलाचं नाव नाही, म्हणजे आपल्या सोयीचंच झाड. मोठ्या कुंडीत मधोमध एक छोटं कच्च्या भाजणीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरून वर झाकण ठेवा, मडकं पाझरत राहतं आणि मुळं हवं तेवढं घेतात. झाकण विसरू नका, डास. जड कुंड्या आणि ड्रम गच्चीच्या मधे नकोत, खाली भिंत किंवा बीम असेल तिथं ठेवा.

फर्निचर म्हणून एक बाज पुरे. नवारीची घ्या, रात्री झोपायला, संध्याकाळी चौघं बसायला, दिवसा भिंतीला उभी केली की तिच्याच सावलीत दोन कुंड्या बसतात. ऊन अडवायला शेतीच्या दुकानात हिरवी शेडनेट मिळते, डाळिंबवाले शेतकरी नेतात तीच, 50 टक्के आणि 75 टक्के अशी येते, बसायच्या जागेवर 75 ची लावा, झाडांवर 50 ची. पण ती पक्की ठोकून टाकू नका, दोरीनं बांधा आणि ढग दिसले की सोडून गुंडाळा. आमची एकदा वळवाच्या वाऱ्यात निघाली ती थेट तिसऱ्या घराच्या टाकीवर, आणि त्या घरात आमचं तेव्हा बोलणं नव्हतं.