पाऊस पडला की नोकरी जाईल का?

नमस्कार ताई,

पत्र मिळालं. मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर आहे, घुग्घुसजवळच्या एका कारखान्याच्या पॉवर प्लांटमध्ये तीन वर्षं बॉयलरवर शिफ्ट करतोय. आता त्याला झांबियातल्या मांबा या कोळशावरच्या वीज केंद्रातून बोलावणं आलंय. तुमचे दीर म्हणतात, ‘तो देश पाण्यावर वीज करतो. दुष्काळ आहे तोवर कोळशाला विचारतील, पाऊस पडला की पोरगा घरी.’ त्यात कोळशाचे दिवस भरले म्हणतात, मग जावं का, असं तुम्ही विचारलंय.

दिरांची शंका रास्त आहे, पण तिथली वीज तशी चालत नाही. झांबियाची बहुतेक वीज झांबेझी नदीवरचं करिबा धरण आणि काफुए नदी या दोन ठिकाणच्या जलविद्युत केंद्रांतून येते. काफुए ही झांबेझीचीच उपनदी, म्हणजे पावसानं पाठ फिरवली की दोन्ही एकदमच आटतात. २०२४ मध्ये तेच झालं. फेब्रुवारीअखेर राष्ट्राध्यक्ष हिचिलेमा यांनी राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. पुढे करिबाच्या उत्तर काठावरचं १०८० मेगावॉटचं केंद्र जवळजवळ ठप्प झालं आणि लोकांनी दिवसाला सतरा-अठरा तास, कुठे त्याहूनही जास्त भारनियमन सोसलं. त्या काळात मांबाच्या ३०० मेगावॉटवर किती भिस्त होती, ते वेगळं सांगायला नको.

मांबा मात्र फक्त दुष्काळासाठी राखून ठेवलेलं केंद्र नाही. थंड पडलेला औष्णिक संच पेटवून ग्रिडला जोडायला कित्येक तास लागतात. जलविद्युत संच मात्र काही मिनिटांत लोड घेतो. म्हणून कोळशाचा संच सलग चालवायचा आणि संध्याकाळची चढउतार पाण्यानं सांभाळायची, अशी वाटणी असते. कोळशावर जेवढी वीज होते, तेवढं पाणी धरणात शिल्लक राहतं. शिवाय झेस्को या सरकारी वीज कंपनीशी वीस वर्षांचा वीजखरेदी करार आहे आणि आणखी ३०० मेगावॉटचं विस्ताराचं काम हाती घेतलेलं आहे. एका चांगल्या पावसाळ्यानं ही नोकरी जाणार नाही. (आणि पाण्याचं म्हणाल, तर ते कोळशाच्या केंद्रालाही लागतंच. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरण आटलं तेव्हा आपल्या चंद्रपूरच्या वीज केंद्राचे संचही बंद ठेवावे लागले होते.)

मला खरी काळजी वेगळी वाटते. झेस्कोकडे या केंद्राची मोठी थकबाकी काही वर्षं अडकून होती. ती पुढे मार्गी लागली, तरी पगार कोणत्या चलनात, कोणत्या देशातल्या खात्यात आणि कोणत्या तारखेला होणार, हे करारात लिहून घ्याच.

आता कामाबद्दल. चंद्रपूरला कोळसा पिठासारखा दळून जाळतात. मांबाचे बॉयलर सीएफबीसी प्रकारचे आहेत, म्हणजे कोळसा हवेच्या झोतावर तरंगत, फिरत जाळणारे. तिथे हलक्या प्रतीचा, राख आणि गंधक जास्त असलेला कोळसा गरम कणांच्या तरंगत्या थरात, म्हणजे बेडमध्ये जळतो, न जळलेले कण सायक्लोन या कण वेगळे करणाऱ्या भागातून परत भट्टीत येतात आणि सोबत टाकलेला चुनखडक गंधक पकडतो. बेडचं तापमान ८५० अंशांच्या आसपास धरून ठेवणं, हाच ऑपरेटरचा कस. ते घसरलं तर कोळसा नीट जळत नाही, फार चढलं तर राख वितळून तिचे दगडासारखे गोळे, म्हणजे क्लिंकर धरतं आणि मग संच बंद करून आत उतरून फोडावं लागतं. तुमचा मुलगा आत्ता एएफबीसीवर, म्हणजे याच जातीच्या साध्या बॉयलरवर, हेच छोट्या प्रमाणात करतोय. त्याला विचारा, क्लिंकर फोडायला किती माणसं आणि किती शिफ्ट लागतात. तो लगेच सांगेल. दीडशे मेगावॉटच्या संचावर हा हात बसला, तर साखर कारखान्यांची बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर चालणारी वीज केंद्रं, सिमेंट आणि कागदाचे कारखाने, बायोमास, सगळीकडे तो उपयोगी पडेल. कोळसा उद्या कमी होईलच, पण वाफ, टर्बाइन आणि ग्रिड समजणारा माणूस लागणारच आहे.

म्हणून माझं मत, जाऊ द्या, पण तीनेक वर्षांच्या हिशोबानं. आयुष्यभराची नोकरी म्हणून नको. झांबियातही सौरऊर्जा वाढतेय, २०२५ मध्ये चिसांबाचा १०० मेगावॉटचा प्रकल्प सुरू झाला. तिथल्या ग्रिडमध्ये पाणी, कोळसा आणि ऊन यांचा मेळ कसा घालतात, हे त्यानं डोळे उघडे ठेवून शिकावं.

निघण्याआधी बाष्पके संचालनालयाच्या बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर परीक्षेची पात्रता तपासून अर्ज भरू दे. हे प्रमाणपत्र हातात असलं की परतल्यावर दारोदार फिरावं लागत नाही. एम्प्लॉयमेंट परमिट आणि तिथल्या इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूशनची नोंदणी कंपनी करून देणार का, ते लेखी विचारा. एजंट पैसे मागत असेल तर तिथेच थांबा आणि थेट कंपनीशी बोला. मांबा करिबा जलाशयाजवळच्या खोऱ्यात आहे, ऊन चंद्रपूरसारखंच, मलेरिया मात्र कितीतरी जास्त. औषधं, विमा आणि वर्षाकाठी घरी यायचं तिकीट, याही गोष्टी करारात हव्यात.

कराराचा मसुदा आला की सही करण्याआधी मला पाठवा. पगाराचं आणि नोकरी सोडण्याच्या नोटिशीचं कलम मी आधी वाचेन.