प्रिंटची विंडो न उघडता छपाई: वाचकांचे प्रश्न

आमचं लालबागला मसाल्याचं दुकान आहे. बिलिंग क्रोममध्ये चालतं. प्रत्येक बिलाला प्रिंटची विंडो उघडते आणि तिथे पुन्हा 'प्रिंट' दाबावं लागतं. एप्रिल-मेमध्ये मिरच्या घ्यायला रांग रस्त्यापर्यंत जाते, तेव्हा हे फार नडतं. सॉफ्टवेअरवाला म्हणतो, विंडो काढता येणार नाही. खरं आहे का?

त्याच्या हातात नाही, एवढं खरं आहे. वेबपेजमधली स्क्रिप्ट छपाईची विनंती तेवढी करू शकते. कागद, प्रिंटर आणि होकार हे ब्राउझर माणसाला विचारतो. तसं नसतं, तर कुठलीही जाहिरातवाली साइट उघडताच तुमचा रोल संपवू शकली असती. म्हणून ही परवानगी पेजला मिळत नाही. मात्र काउंटरवरचा काम्प्युटर तुमचा आहे आणि तिथे ती तुम्ही देऊ शकता.

डेस्कटॉपवर क्रोमचा नवा शॉर्टकट करा. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि 'टार्गेट'च्या रकान्यात अगदी शेवटी जा. शेवटच्या अवतरणचिन्हानंतर एक जागा सोडा, मग जोडून दोन डॅश, 'किऑस्क', एक डॅश, 'प्रिंटिंग', सगळं इंग्रजी स्मॉल अक्षरांत. ती एक जागा सोडायला विसरलात तर विंडोज टार्गेट चुकलं म्हणून तक्रार करतं. या शॉर्टकटने उघडलेल्या क्रोममध्ये विंडो क्षणभर चमकते आणि बिल आपोआप छापलं जातं.

'केलं, पण काहीच फरक पडला नाही' असं ज्यांच्या बाबतीत होतं, त्यांचं क्रोम बहुतेक वेळा आधीपासून चालू असतं. सगळ्या खिडक्या बंद केल्या तरी ते घड्याळाशेजारी मागे चालू राहू शकतं, आणि मग नवी सूचना वाचलीच जात नाही. ते पूर्ण बंद करून शॉर्टकट उघडा. त्याहून बरं म्हणजे बिलिंगसाठी 'यूझर-डेटा-डिर' ही सूचना जोडून वेगळा फोल्डर द्या. मुलाचं यूट्यूब आणि दुकानाचं बिल एकाच क्रोममध्ये नकोच. ज्या क्रोमला न विचारता छापायची मुभा दिली, त्यात बिलिंगशिवाय दुसरी साइट उघडू नका. हे मी कळकळीने सांगतोय.

आता प्रिंटर. विंडो दिसत नाही म्हटल्यावर चुकीचा प्रिंटर निवडला गेला तरी कळत नाही. क्रोमला शेवटचा वापरलेला प्रिंटर आठवतो. म्हणून त्याच फोल्डरच्या क्रोममध्ये, किऑस्कची सूचना न लावता, एकदा हाताने बिल छापा: थर्मल प्रिंटर (रोलवर उष्णतेने बिल छापणारा) निवडा, समासाचा पर्याय 'नन' ठेवा, हेडर-फुटर काढा. शिवाय विंडोजच्या सेटिंगमध्ये 'डिफॉल्ट प्रिंटर विंडोजला ठरवू द्या' अशा अर्थाचा पर्याय असतो, तो बंद करा. तो चालू असला की शेवटी वापरलेला प्रिंटरच डिफॉल्ट होतो. दुपारी कुणी लेझरवर एखादं पत्र छापलं की संध्याकाळची बिलं ए-फोर कागदावर यायला लागतात.

दादरला पुस्तकांचं दुकान. आम्ही थेट प्रिंटरला मजकूर पाठवणारा छोटा प्रोग्राम लावला. विंडो गेली, पण पुस्तकांची मराठी नावं प्रश्नचिन्हं होऊन येतात. फॉन्ट टाकायचा कुठे?

फॉन्ट टाकायची जागाच तिथे नाही. असे प्रोग्राम प्रिंटरशी बहुधा ईएससी-पीओएस भाषेत बोलतात: ही अक्षरं छाप, इथे ठळक कर, इथे कागद काप. अक्षरं प्रिंटरच्या स्वतःच्या साठ्यातून येतात आणि बहुतेक थर्मल प्रिंटरांच्या साठ्यात देवनागरी नसते. आणि नुसती अक्षरं असून भागत नाही. 'किल्ला' छापायचा तर वेलांटी 'क'च्या आधी यायला हवी आणि 'ल्ल' जोडला जायला हवा. ही जुळणी प्रिंटरला येत नाही, काम्प्युटरला येते.

उपाय असा, की काम्प्युटरवर बिलाचं चित्र तयार करायचं आणि तेच प्रिंटरला पाठवायचं. 80 मिमी रोलवर छपाईची रुंदी साधारण 72 मिमी मिळते. नेहमीच्या 203 डीपीआयला, म्हणजे इंचाला 203 ठिपके धरून, ती 576 ठिपके होते. 58 मिमी रोलला 384. चित्र नेमकं त्याच रुंदीचं करा, नंतर ताणलं किंवा आवळलं की अनुस्वार नाहीसे होतात. अक्षर जरा मोठं आणि जाड ठेवा. बारीक रेघांचे सुंदर फॉन्ट थर्मलवर तुटक दिसतात.

क्रोममधून विंडोजमधल्या प्रिंटरच्या ड्रायव्हरमार्फत छापलंत, तर जुळणी ब्राउझरच करतो. मराठी बिलासाठी मी तोच रस्ता आधी सुचवतो. पुस्तकाचं नाव बिलावर नीट वाचता आलं पाहिजे, त्यासाठी इंग्रजी लिपीकडे वळायची गरज नाही.

गोरेगावहून. जुन्या सिस्टीममध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या अ‍ॅक्टिव्हएक्समधून 'एक्झेकडब्ल्यूबी 6, 2' ही आज्ञा वापरून विंडोशिवाय छापत होतो. क्रोममध्ये याला पर्याय काय?

पेजच्या आत काहीच नाही. त्यातला 6 म्हणजे प्रिंट आणि 2 म्हणजे वापरकर्त्याला विचारू नको. ते त्या ब्राउझरपुरतंच होतं, आणि विंडोज 10 वर त्याचा आधार 15 जून 2022 ला संपला. मशीन तुमच्या ताब्यात असतील तर वर सांगितलेला किऑस्क मार्ग घ्या. फायरफॉक्समध्ये अबाउट-कॉन्फिग या आतल्या सेटिंगच्या पानावर 'प्रिंट.ऑलवेज_प्रिंट_सायलेंट' ट्रू करा. प्रत्येक कागद वेगळ्या प्रिंटरला जायचा असेल, तर क्यूझेड ट्रेसारखा मशीनवर बसणारा प्रोग्राम लागेल. छपाईची विनंती तुमच्याच पेजची आहे हे त्याला डिजिटल सहीने पटवावं लागतं; त्या सहीची खासगी किल्ली, म्हणजे गुप्त फाइल, सर्व्हरवरच ठेवा, पेजच्या स्क्रिप्टमध्ये कधीही नाही.

फोनवरून ऑर्डर घेतो, तिथूनही विंडो न येता छापायचंय.

आयफोनच्या सफारीत विंडो येणारच. ऑर्डर छापायचा प्रिंटर नेटवर्कवर असेल, तर फोनने फक्त ऑर्डर नोंदवावी आणि दुकानातल्या काम्प्युटरने ती प्रिंटरच्या 9100 पोर्टवर, म्हणजे नेटवर्कवरून थेट छपाई घेणाऱ्या त्याच्या दारावर, पाठवावी. फोन कोणता, हा प्रश्नच मग उरत नाही.

परळला आमची पॅथॉलॉजी लॅब आहे. रिपोर्ट तयार झाला की आपोआप छापला जावा असं करतोय. काय सांभाळावं?

बिल चुकलं तर दहा रुपयांचा वाद होतो. रिपोर्ट चुकला तर औषध चुकतं. म्हणून तुमच्यासाठी मी ब्राउझर सुचवणार नाही. सर्व्हरवर रिपोर्टची पीडीएफ तयार करा, डॉक्टरांनी मंजूर केलेली तीच फाइल जपून ठेवा आणि तीच प्रिंटरकडे पाठवा. पेज थेट छापलं की कधी डॉक्टरांच्या सहीचं चित्र उतरायच्या आधीच कागद बाहेर पडतो. असा सहीशिवायचा रिपोर्ट पेशंटच्या हातात मी पाहिलेला आहे.

दुसरं, छपाई झाली हे स्क्रिप्टच्या शब्दावर धरू नका. ब्राउझरचा 'आफ्टरप्रिंट' हा इशारा छापलं तरी येतो आणि रद्द केलं तरी येतो. कागद अडकला, टोनर संपला, यातलं त्याला काही कळत नाही. तुमच्या नोंदीत 'पाठवला' आणि 'दिला' असे दोन वेगळे रकाने ठेवा. प्रत्येक पानावर, फक्त पहिल्याच नव्हे, पेशंटचं नाव, नोंदणी क्रमांक आणि 'पान 2 पैकी 1' असा मजकूर छापा, कारण ट्रेमध्ये दोन रिपोर्ट एकावर एक पडतात आणि घाईत शेवटचं पान दुसऱ्याच्या लिफाफ्यात जातं. 'दिला' हा रकाना काउंटरवरच्या माणसाने नाव आणि क्रमांक पेशंटकडून विचारून, पानं मोजून, मगच भरायचा.