बोट ओढण्यासाठी ट्रक घेताय? आधी वजनकाट्यावर जा

इंजिनाच्या ताकदीवरून ट्रक निवडू नका. ओढायला बरेच ट्रक ओढतात, प्रश्न थांबण्याचा आणि उतारावर ताबा राखण्याचा असतो.

आधी खरं वजन काढा. माहितीपत्रकात बोटीचं बहुधा कोरडं वजन छापलेलं असतं. त्यात इंधन, पाणी, नांगर, बॅटऱ्या आणि ट्रेलर धरलेला नसतो. ३०० लिटर पेट्रोल म्हणजेच सव्वादोनशे किलोच्या आसपास! म्हणून सगळं भरून ट्रेलरसकट वजनकाट्यावर चढवा.

समजा ३,००० किलो भरले. त्यातला साधारण दहावा भाग, म्हणजे ३०० किलो, ट्रकच्या हुकवर येतो आणि तो ट्रकच्या भारक्षमतेतूनच, म्हणजे ट्रक स्वतःवर जेवढं वजन पेलू शकतो त्यातूनच, वजा होतो. त्यात चार माणसं आणि सामान मिळवा. ओढण्याची क्षमता शिल्लक असूनही भारक्षमता संपलेली, हे मी पुष्कळदा पाहिलंय. ट्रकच्या दरवाजाच्या चौकटीवरचं भारक्षमतेचं लेबल वाचल्याशिवाय सौदा करू नका. ओढण्याच्या क्षमतेतही निदान २० टक्के मोकळे ठेवा.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. फोर व्हील ड्राइव्हची खरी गरज रस्त्यावर नाही, शेवाळलेल्या ओल्या धक्क्यावरून बोट वर काढताना लागते. आणि लांब व्हीलबेसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेला ट्रक घ्या, ट्रेलर डोलायला लागला की फरक कळतो.